उंचीचा खांब

वाचकहो, बंगळूरला येणारा मराठी प्रवासी सहसा ठरलेल्या वाटेने जातो. लालबागेतील काचघर पाहावे, कब्बन उद्यानातील जुन्या वृक्षांच्या छायेत घटकाभर बसावे, आणि १६३८ साली विजापूरकरांनी जिंकलेले हे नगर पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आले, याचे स्मरण करून परतावे. परंतु बरोबर मूल असले म्हणजे ही वाट बदलते. मुलांना काचघराचे कौतुक फार वेळ पुरत नाही. त्यांना आकाशात उलटेपालटे फिरवणारी यंत्रे हवी असतात. अशाच एका हट्टापायी गेल्या सुटीत मी माझ्या भाच्याला घेऊन म्हैसूर रस्त्याने बिडदीकडे निघालो.

बिडदी हे गाव तट्टे इडलीसाठी प्रसिद्ध आहे. ताटलीएवढी ही इडली एकट्याने संपवणे, हाही बालवयात एक पराक्रमच होय. शहरापासून सुमारे २८ किलोमीटरांवर, या गावाच्या परिसरात ‘वंडरला’ हे मनोरंजन उद्यान २००५ सालापासून आहे. तेथे मुलांच्या तिकिटाचा दर वयावरून ठरत नाही, उंचीवरून ठरतो. ८५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या बालकास तिकीट नाही. तेथून १४० सेंटिमीटरपर्यंत मुलाचे तिकीट. त्यापुढे मोठ्या माणसाचे. एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी मुलाचे वय दोन-दोन वर्षे बाराच्या आत थोपवून धरणारे पालक आपण सर्वांनीच पाहिले आहेत. मापाच्या खांबापुढे मात्र अशी आर्जवे चालत नाहीत.

आत गेल्यावर हा खांब पुन्हा भेटतो. अतिवेगाच्या यंत्रांपाशी १४० सेंटिमीटर उंचीची अट असते. माझा भाचा दहा वर्षांचा, धावण्यात वर्गात पहिला. पण खांबाशी उभा केला तेव्हा दोन बोटे कमी पडली. रांगेत आम्ही बराच वेळ उभे होतो. त्याचा उतरलेला चेहरा मला पाहवेना. मी हळूच त्याच्या कानाशी म्हणालो, “टाचा जराशा उचल.”

तेथील तरुण कर्मचाऱ्याने ते पाहिले असावे. तो रागावला नाही. मुलाच्या डोक्यावर अलगद तळवा ठेवून तो कानडीत म्हणाला, “मुंदिन वर्ष बा, पुट्टा.” पुढच्या वर्षी ये, बाळ. मी “वय तर पुरे आहे,” असे म्हणू लागलो, तेव्हा त्याने मला वाद न घालता एका रिकाम्या आसनावरील दांडा खाली ओढून दाखवला. दांडा आणि आसन यांच्यामध्ये जी पोकळी राहिली, तीत मोठ्या माणसाची मांडी घट्ट बसली असती. माझ्या भाच्याची बसली नसती.

या अटीचे सारे मर्म त्या पोकळीत आहे. पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ साली ‘फुलराणी’ धावू लागली, तेव्हा तिच्या मंद गतीत बाळास सांभाळण्यास आईचा हात पुरेसा होता. आजच्या यंत्रांचा वेग निराळा आहे. आसन एकाएकी वळते किंवा थांबते, पण शरीर आधीच्याच दिशेने जाऊ पाहते. त्या क्षणी आईचा हात पुरा पडत नाही. दांडा आणि पट्टाच काय तो आवरू शकतो. तो अंगाला नीट बसण्यासाठी शरीर एका मापाचे असावे लागते, आणि जन्माचा दाखला ते माप सांगत नाही. हृदयविकार असणाऱ्यांना आणि गर्भवती स्त्रियांना अशा यंत्रांपासून दूर राहण्यास सांगतात, तेही याच विचाराने. पाण्याच्या घसरगुंडीवर साडी-ओढणीसारख्या सैल वस्त्रांना मनाई असते, कारण ती कोठेतरी अडकण्याचा धोका असतो. या अटींत कोणाचा अपमान नाही. त्यांत केवळ काळजी आहे.

सायंकाळी आम्ही शहरात परतलो आणि पुस्तकांच्या दुकानांसाठी चर्च स्ट्रीटवर गेलो. २०१८ साली या रस्त्याला फरसबंदीचे नवे रूप मिळाले. दुकाने, उपाहारगृहे, मद्यगृहे, गाणारे-वाजवणारे आणि तरुणांचे थवे यांनी तो गजबजलेला असतो. जवळच ब्रिगेड रोड आणि महात्मा गांधी रस्ता. हाही एका अर्थाने शहराचा मनोरंजनाचा प्रदेशच. परंतु याला फाटक नाही, तिकीट नाही आणि मापाचा खांबही नाही.

३१ डिसेंबर २०१६ च्या रात्री, नववर्षाच्या स्वागतासाठी याच भागात जमलेल्या गर्दीत अनेक स्त्रियांची छेड काढली गेली. पोलीस मोठ्या संख्येने हजर असताना हे घडले. त्याहून खेदाची गोष्ट ही, की काही जबाबदार व्यक्तींनी त्या स्त्रियांच्या पेहरावाकडेच बोट दाखवले. पुढील वर्षांत बंदोबस्त वाढला आणि स्त्रियांना साहाय्य मिळेल अशी ठिकाणेही उभी राहिली. हे योग्यच झाले. तथापि एक प्रश्न उरतो. बंदोबस्ताने गर्दी आवरते. मन आवरते काय?

परदेशातही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ‘नॉट्स बेरी फार्म’ या उद्यानात तरुणांच्या मारामाऱ्या झाल्या, तेव्हा जुलै २०२२ पासून शुक्रवारी व शनिवारी १८ वर्षांखालील मुलांसोबत किमान २१ वर्षांची व्यक्ती असलीच पाहिजे, असा नियम करण्यात आला. मोठे माणूस बरोबर असले म्हणजे मूल नीट वागेल, हा त्यामागील विश्वास. विश्वास चुकीचा नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ते मोठे माणूस स्वतः नीट वागले पाहिजे.

आपल्याकडे जत्रेत हेच काम घर करीत आले आहे. बंगळूरच्या बसवनगुडीत कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी भुईमुगाच्या शेंगांची मोठी जत्रा भरते. तिला ‘कडलेकाई परिषे’ म्हणतात. शेंगांच्या राशी, खेळणी, पाळणे, आणि बापाच्या खांद्यावर बसून हे सारे पाहणारी मुले! कोणी त्यांची उंची मोजत नाही. मात्र खांद्यावरचे ते मूल गर्दीत आपला बाप कसा वाट काढतो, बायाबापड्यांना जागा देतो की ढकलतो, शेंगांची टरफले कोठे टाकतो, हे सारे वरून पाहत असते.

मलाही त्या दिवशी असाच एक जण पाहत होता. रात्री निजण्यापूर्वी भाच्याने विचारले, “मामा, तू मला टाचा उचलायला का सांगितलंस?” वाचकहो, मला उत्तर देता आले नाही. त्याला एका यंत्रात बसवण्यासाठी मी त्याला एक खोटे शिकवीत होतो, आणि तेही असे खोटे की जे पचले असते तर त्याच्या जिवावर बेतले असते. “चुकलो,” एवढेच मी म्हणालो. तो लगेच हसला आणि दाराच्या चौकटीपाशी जाऊन उभा राहिला. मी पेन्सिलीने त्याच्या डोक्याच्या रेषेवर खूण केली. त्याने टाचा जमिनीला घट्ट टेकवल्या होत्या.

आपण मुलांना घेऊन अशा ठिकाणी जाल, तेव्हा खांबाशी तंटा करू नका. तेथे मुलाची उंची मोजली जात असते; त्याच वेळी मूल आपली उंची मोजत असते.