बेसिनखालची जागा

या वर्षी होळीच्या आसपास आमच्या बेसिनचा नळ ठिबकू लागला. दिवसा कुणाच्या ध्यानात आलं नाही. कुकरच्या शिट्ट्या, रस्त्यावरच्या रिक्षा, शेजारचा टीव्ही, या सगळ्यांत एका थेंबाचं काय ऐकू येणार? पण रात्री घर निजलं की तो थेंब मोठा होई. टप्. मग थोडा वेळ काहीच नाही, थांबला असं वाटायच्या आत पुन्हा टप्. तिसऱ्या रात्री मी उठले, नळाखाली लिटरचं माप ठेवलं आणि घड्याळ बघून पुन्हा पडले. साडेबाराला ठेवलेलं माप साडेचारला काठोकाठ भरलं होतं. म्हणजे दिवसाला सहा लिटर, महिन्याला एकशे ऐंशी. नऊ मोठ्या बादल्या, आणि एकही कुणाच्या कामी न आलेली.

अप्पा असते तर पहिल्याच रात्री उठले असते.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तरुणपण पुण्याच्या नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. आठ बिऱ्हाडं आणि चौकात एक नळ. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, आणि नदी पेठांत शिरली. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. पुराच्या गोष्टी सगळेच सांगतात. अप्पा पूर ओसरल्यानंतरचं सांगत. घरात गुडघाभर गाळ, तो धुवायचा तर नळाला पाण्याचा टिपूस नाही. धरणच राहिलं नाही, नळाला कुठून येणार? विहिरीवरून दोन बादल्या आणायच्या, त्यातल्या एकीत सगळ्या घराचं भागवायचं. एवढं बोलून ते गप्प होत. पण नळ बंद करताना त्यांचा हात बघितला की पुढचं कळायचं. आवळून, दात खाऊन ते कधी नळ बंद करत नसत. पाणी थांबेपर्यंत फिरवायचा, मग बोट नळाच्या तोंडाशी धरून क्षणभर थांबायचं. बोट कोरडं राहिलं की झालं.

१९८४ साली आम्ही कोथरूडला स्वतःच्या जागेत आलो. घरात बेसिन असणं हे आम्हाला केवढं अप्रूप! आईने त्याच्यासमोर हळदीकुंकवाची दोन बोटं भिंतीवर उमटवली होती. आम्ही भावंडं आरसा बघत होतो. अप्पा मात्र उकिडवे बसून बेसिनच्या खाली डोकं घालून बघत होते.

“अगं, इकडे ये. वरून सगळीच बेसिनं छान दिसतात. हे बघ.”

मी वाकले. भिंतीतून आलेला पितळी कॉक, त्याला अँगल कॉक म्हणतात. तिथून नळाकडे गेलेली कनेक्शनची नळी. मध्ये खाली लोंबणारी, बाटलीच्या आकाराची जाड वाटी, तो बॉटल ट्रॅप. आणि त्यातून भिंतीत शिरलेला वेस्ट पाइप. अप्पांनी माझा हात धरून अँगल कॉकवर ठेवला. बंद कर, म्हणाले. मग उघड. नुसतंच? हो, नुसतंच.

मग ते घरातलं एक व्रतच झालं. पाडवा, आषाढी, दसरा, संक्रांत. वर्षातून चार वेळा घरातले सगळे कॉक एकदा पूर्ण बंद करायचे आणि पुन्हा उघडायचे. पाडव्याला गुढी उभारून झाली की अप्पा बेसिनखाली वाकलेले दिसत. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. प्रत्येकाच्या घरी हे होत असणार, असंच मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

अप्पांना जाऊन चार वर्षं झाली. चार वर्षांत सोळा वेळा तो कॉक फिरायला हवा होता. एकदाही फिरला नाही. माझ्याच घरात, माझ्याच हातून हे राहिलं. होळीनंतर पाना, पक्कड, नवा वायसर घेऊन मी बसले आणि आधी कॉक बंद करायला गेले, तर तो हलेना. आमच्याकडे मार्चपासून टाकीत बोअरचं पाणी मिसळतात. त्यातले क्षार कॉकच्या दांड्याभोवती बसले होते, पांढरे, दाणेदार, जुन्या घंगाळाच्या बुडाला बसतात तसे. पाना लावून जोर करावा असं मनात आलं, पण आवरलं. अशा वेळी कॉक फिरत नाही, भिंतीतला सांधा फिरतो, आणि मग फरशा फोडल्याशिवाय सुटका नसते.

प्लंबरदादा आले. त्यांनी कॉकला नुसता अंगठा लावला. “ताई, हा आत बसलाय. कुणी हातच लावला नाही ना याला?”

मला कानकोंडं झालं. गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करायचा म्हणजे आमच्या खालच्या तीन बिऱ्हाडांचंही पाणी जाणार. घरोघरी सांगून आले. तळमजल्यावरच्या काकूंनी लगेच दोन पिंपं भरून घेतली आणि वर मलाच विचारलं, “तुला एखादी बादली देऊ का गं?” तासाभरात नवा अँगल कॉक बसला. आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळताना प्लंबरदादा आट्यांच्याच दिशेने गुंडाळत होते, म्हणजे कॉक आवळताना टेप उलगडत नाही, उलट आणखी घट्ट बसते. पूर्वी सुतळी आणि सफेदा लावत, तेही अप्पांकडे डब्यात असे.

नळ मात्र मीच उघडला. आधी बेसिनच्या तोंडात फडकं कोंबलं, कारण या कामात पडणारा स्क्रू नेमका तिथेच जातो. मूठ काढली, आतला स्पिंडल पान्याने सैल करून वर घेतला. त्याच्या टोकाला वायसर होता. तो तळहातावर घेऊन उजेडात धरला. काळं रबर, नाण्यापेक्षा लहान. मधोमध गोल खोबण पडलेली, पेन्सिलने रेघ ओढावी इतकी नेमकी. नळाच्या पोटात पितळेची कडा असते, तिच्यावर हा वायसर दाबला जातो आणि पाणी थांबतं. जितक्या जोराने आवळावं तितकी ती कडा रबरात रुतते. अप्पा हलक्या हाताने नळ का बंद करत, ते मला त्या खोबणीत दिसलं. गेल्या चार वर्षांत आम्ही सगळ्यांनी घाईघाईत, ऑफिसला पळताना, तो किती करकचून आवळला होता! पितळी कडेवरून मी बोट फिरवलं. गुळगुळीत होती. ती खरखरीत झाली असती तर नवा वायसरही महिन्याभरात फाटला असता. लेकीच्या खोलीतल्या नव्या नळात वायसरच नाही. तिथे सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात आणि पाव फेऱ्यात पाणी बंद होतं. त्यालाही जोर नको असतोच.

नळ उघडलाच होता तर म्हटलं ट्रॅपही बघावा. बादली खाली ठेवून वाटी हाताने फिरवली. ती हातानेच सुटावी आणि हातानेच बसावी, पाना लावला की प्लास्टिकचे आटे जातात. वाटीत करड्या रंगाचा लगदा होता, साबणाचा आणि क्षारांचा, त्यात केस गुंतलेले, आईची एक टिकली, टूथपेस्टचं एक टोपण. वास अर्थातच होता. पण किळस आली नाही. आमचंच होतं सगळं, चार जणांच्या सकाळींचं.

या वाटीतलं पाणी हे बेसिनचं खरं मर्म आहे. दोन-तीन बोटं पाणी तिथे कायम उभं राहतं आणि गटारातला वायू घरात येऊ देत नाही. पाण्यानेच दार लावायचं, ही युक्ती. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने संडासाच्या नळीला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक देऊन तिचं पेटंट घेतलं. मे महिन्यात आपण महिनाभर गावी जातो, परत येऊन दार उघडलं की घर घाण वासाने भरलेलं असतं, झुरळं फिरत असतात. ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात आटलेलं असतं, एवढंच. बेसिनमध्ये आणि मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतलं की ते दार पुन्हा लागतं.

बेसिनच्या काठाखाली एक भोक असतं. नळ चुकून चालू राहिला तर पाणी बाहेर न सांडता तिथून आतल्या आत खाली उतरतं. भरलेलं बेसिन सोडलं की त्याच भोकातून हवा आत जाते आणि पाणी सरळ पळतं. अप्पा त्याला उच्छ्वास म्हणत. हा शब्द त्यांचा नाही, पुण्याचा आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे आणि पेठांतल्या हौदांकडे जमिनीखालून पाणी आणलं, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी असे उच्छ्वास बांधले. त्यातून हवा खेळायची आणि गाळ काढायला माणसाला आत उतरता यायचं. ज्यांनी तो नळ बांधला त्यांनी तो साफ करायची वाटही त्याच वेळी बांधली, याचं मला फार मोल वाटतं. आमच्या बेसिनचा उच्छ्वास बाटल्या धुण्याच्या बारीक ब्रशने मी साफ केला. ब्रश काळा होऊन बाहेर आला. बेसिन घासून लखलखीत करतो तरी वास का येतो, असं विचारणाऱ्या प्रत्येकाने आधी तिथे बघावं.

नळावरचे पांढरे डाग आई लिंबाच्या सालीने काढते. साल चोळून पाच मिनिटं ठेवली की बारीक बुडबुडे दिसतात, आंबटपणात क्षार विरघळतात ते. मग लगेच धुवायचं आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. बाजारातलं ॲसिड मी घरात येऊ देत नाही. त्याने नळाची झिलई जाते, बेसिनची चकाकी मरते, आणि ब्लीचिंगमध्ये ते मिसळलं तर विषारी क्लोरिन वायू सुटतो. तुंबलं म्हणून उकळतं पाणी ओतणंही वाईट, प्लास्टिकचे पाइप नरम पडून सांधे सुटतात. वाटी उघडून साफ करणं याला दुसरा उपाय नाही, आणि त्याला दहा मिनिटं लागतात.

संध्याकाळी सगळं जोडून झालं. गच्चीवरचा कॉक उघडला, नळातून आधी फुसफुस हवा आली, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून वाट पाहिली. कागद कोरडे राहिले. मी हलकेच नळ बंद केला आणि बोट त्याच्या तोंडाशी धरून उभी राहिले.

पाडव्याला लेकीला बोलावलं. तिने वाकून कॉक बंद केला, उघडला. “नुसतंच?” तिने विचारलं.

तुम्हीही आज झोपण्याआधी बेसिनखालचा कॉक एकदा फिरवून बघा. फिरला, तर तीन महिन्यांनी पुन्हा फिरवा. नाही फिरला, तर जोर करू नका. टाकीचं पाणी बंद करून तो उद्याच बदलून घ्या.