बाकडं

दोन वर्षं. १७ सामने. ११ मिनिटं.

हा माझ्या कॉलेजातल्या बास्केटबॉलचा सगळा हिशेब. सामना ४० मिनिटांचा. १७ सामन्यांची मिनिटं झाली ६८०. त्यातली ६६९ मी बाकड्यावर बसून काढली. हे अंदाजानं सांगत नाही. वही आहे. आमच्या घरात हिशेब लिहून ठेवायची खोडच आहे. माय कापूस वेचायला जायची. मालक सांगेल ते वजन. म्हणून दहा वर्षांचा असल्यापासून रोज रात्री मायला विचारून मी किलो लिहायचो. चुकाऱ्याच्या दिवशी माय ती वही कमरेला खोचून न्यायची. तिला वाचता येत नव्हतं. पण वही आहे म्हटल्यावर मालकाचा आवाज जरा खाली यायचा.

मी सेलूचा. वर्ध्याहून नागपूरकडे जाताना लागतं ते सेलू. बोर नदीच्या काठचं. कधीकाळी केळीच्या बागांसाठी नाव होतं, मग उरला कापूस. बाबा जिनिंगमध्ये हमाल. आज्या १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि आल्या आल्या घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडून मोकळा झाला. आज्या शाळेतही गेलेला. दोन वर्षं. गेला म्हणजे दारापर्यंत. बाकीची पोरं वर्गात, हा बाहेर, घरून नेलेल्या तरटावर.

बास्केटबॉल आमच्या वस्तीचा खेळ नव्हता. आमचा खेळ कबड्डी, कारण कबड्डीला काही विकत घ्यावं लागत नाही. पण शाळेमागं मुरमाच्या मैदानात दोन लोखंडी खांब उभे होते. त्यांवर फळ्यांचे बोर्ड, बोर्डाला रिंगा. जाळी नव्हती. त्यामुळं लांबून टाकलेला बॉल आतून गेला की बाहेरून गेला यावरच निम्मी भांडणं. मी सकाळी सहाला जायचो. शाळेचा बॉल कपाटात कुलपात, म्हणून शिपायाच्या घरी पाणी भरायचो आणि तो मला तासभर कपाट उघडून द्यायचा. असा मी नेम शिकलो. लांबून. जवळ जाऊन धक्के मारायला समोर कुणी नव्हतंच. एकटा माणूस लांबूनच टाकतो. १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत लांबच्या बास्केटला तीन गुण आले. मला वाटलं, हा नियम कुणीतरी माझ्यासाठीच केला.

त्याच नेमावर वर्ध्याच्या एका कॉलेजच्या टीममध्ये माझी निवड झाली. बारा जणांत बारावा. तेव्हा जर्सीचे नंबर ४ ते १५ असत. मला १५. पोरं म्हणाली, सेलूहून बास्केटबॉलला पहिलाच पोट्टा. मायनं त्या जर्सीला हात लावून बघितला, जसा मोंढ्यातला व्यापारी कापसाला लावतो.

आणि मग बाकडं.

सेलूहून एसटीनं जायचं, प्रॅक्टिस करायची, शेवटची गाडी पकडून यायचं. प्रॅक्टिसमध्ये मला बॉल गोळा करायला ठेवत. सामन्यात पाण्याची बादली माझ्या बाकड्याजवळ. आज्या रोज विचारायचा.

‘‘खेळवलं का बे तुले आज?’’

‘‘नाई आज्या.’’

‘‘मंग काय केलं तिथं?’’

‘‘बसून होतो.’’

‘‘बसाले एसटीचे पैसे कायले लागते? बसाले तं घरीबी जागा हाय.’’

तो हसायचा. मला हसू यायचं नाही. एकदा रात्री झोप येईना तेव्हा वाक्य सुचलं आणि वहीत लिहिलं : आज्याला आत बसू दिलं नाही. मला आत बसवलं, पण उठू दिलं नाही.

दोस्तांनो, इथं मी खोटं लिहिणार नाही. त्या टीममध्ये माझी जात कुणी काढली नाही. सर माझ्या डब्यातली भाकर खायचे. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, मी जात मानत नाही. आणि ते खरंही असेल. ते एवढंच म्हणायचे, ‘‘तुझी अजून तयारी नाही. सामन्याचा अनुभव नाही तुला.’’

आता या वाक्याकडं नीट बघा. सामन्याचा अनुभव सामन्याबाहेर कुठं मिळतो? विहिरीत उतरू द्यायचं नाही आणि पोहता येत नाही म्हणून हिणवायचं. तयारी नाही म्हणून खेळवत नाही. खेळवत नाही म्हणून तयारी नाही. हे चाक एकदा फिरायला लागलं की त्याला कुणी शिवी द्यावी लागत नाही, कुणी वाईट असावं लागत नाही. ते आपोआप फिरतं. ज्यांच्या बापानं टीमला किट दिलं, ज्यांच्या पायात चांगले बूट, ज्यांच्या कॉलनीत पक्कं कोर्ट, ते पाच जण आधीच तयार होते. तयार म्हणून खेळले. खेळले म्हणून आणखी तयार झाले. याला पुढं गुणवत्ता म्हणतात.

माझी ११ मिनिटं एकाच सामन्यातली नाहीत. चार तुकडे. त्यातला मोठा १९८६ चा, नागपूरचा. आमच्या एकाचे पाच फाउल झाले, तो बाहेर. दुसरा मुरगळलेला. सरांनी माझ्याकडं बघितलं, मग बाकीच्या बाकड्याकडं बघितलं, मग परत माझ्याकडं. चार मिनिटं उरली होती. ३६ मिनिटं बसून अंग थंड पडलेलं. बोटं लाकडासारखी. पहिला बॉल हातातून निसटला. दुसऱ्यांदा मी मोकळा उभा होतो, तीन गुणांच्या रेषेबाहेर, माझ्याच जागी. आणि मी टाकला नाही. पास दिला. कारण टाकला आणि चुकला तर परत बाकडं. ज्याला पुढची संधी आहे तोच चुकू शकतो. ज्याला एकच आहे तो चुकीच्या भीतीनं काहीच करत नाही. सामना संपल्यावर सर म्हणाले, ‘‘बघ, म्हटलं नव्हतं? मोकळा होतास तरी शॉट घेत नाहीस.’’ सर बरोबर होते. हेच तर मला चावत राहिलं. सर बरोबर होते.

बास्केटबॉलच्या स्कोअरशीटवर एक रीत आहे. बारा नावं छापील रकान्यात लिहितात. त्यातला जो मैदानात उतरतो त्याच्या नावासमोर फुली मारतात. आपल्या नावावर फुली मारायची रीत आपल्याला नवी नाही. पण इथं फुली म्हणजे हा माणूस खेळला. माझ्या १७ सामन्यांत फुल्या चार. बाकी १३ कागदांवर मी आहे आणि नाही.

चळवळीतले मित्र वेगळंच म्हणायचे. ‘‘अबे, तिकडं नामांतराचा मोर्चा अन् तू इथं चेंडू कायले कुटून राह्यला?’’ मोर्च्यालाही मी जायचो. पण मला वाटायचं, हा चेंडूही तोच मोर्चा आहे. तेव्हा सांगता येत नव्हतं. पुढं वाचत गेलो तसं सांगता यायला लागलं.

पळवणकर बाळू. चर्मकार समाजातला डावखुरा गोलंदाज. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाच्या कामाला. साहेबांना फलंदाजीचा सराव म्हणून हा तासन्‌तास बॉल टाकायचा. बॅट मात्र याच्या हातात कधी दिली नाही. पुढं हिंदूंच्या टीमला तो हवा होता, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. मैदानात त्यानं टाकलेला बॉल झेलायचे आणि चहाच्या वेळी त्याला बाहेर मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदूंच्या टीमचा कप्तान तो कधी झाला नाही. १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल कप्तान झाला, तोही भांडून, रुसून, टीममधून बाहेर राहून दाखवल्यावर. हाच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसकडून बाबासाहेबांच्या विरुद्ध उभा राहिला आणि पडला. राजकारणात तो आपल्या समोरच्या बाजूला होता. पण मैदानावरचा त्याचा हिशेब आपल्याच वहीतला आहे.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी ज्या काळ्या भावांकडून पँथर हे नाव घेतलं, त्यांची. तिथल्या कॉलेजांत काळे खेळाडू घेत. पण एका वेळी मैदानात किती काळे उतरवायचे याचा एक नियम होता, जो कुठल्याच कागदावर नव्हता. १९ मार्च १९६६ ला अंतिम सामन्यात टेक्सास वेस्टर्न कॉलेजच्या डॉन हॅस्किन्स या गोऱ्या कोचनं सुरुवातीचे पाचही काळे उतरवले. समोर केंटकीची टीम, सगळी गोरी. हॅस्किन्सनं बदली म्हणून उतरवले तेही काळेच. निकाल ७२–६५. काळे जिंकले. काळ्यांना डोकं शांत ठेवता येत नाही, त्यांना चालवायला एक तरी गोरा मैदानात हवा, असं म्हणणाऱ्यांचं तोंड एका संध्याकाळी बंद झालं. त्या पोरांना खेळ त्या संध्याकाळी आला का? तो आधीच होता. मिनिटं नव्हती.

आणि गंमत बघा. हा खेळ जेम्स नाइस्मिथ नावाच्या मास्तरनं डिसेंबर १८९१ मध्ये काढला. हिवाळ्यात बंद हॉलमध्ये पोरांना गुंतवायला. पीच फळाच्या दोन टोपल्या टांगल्या. वर्गात पोरं अठरा. त्यानं नऊ-नऊ केले. सगळे खेळले. पहिल्या सामन्यात बाकडंच नव्हतं. बाकडं नंतर आलं.

इथवर लिहून थांबलो असतो तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. मीही वाजवून घेतल्या असत्या. पण हे लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणानं.

मी आता साठीला टेकलोय. नोकरी संपली. गावात संध्याकाळी पोरांना बास्केटबॉल शिकवतो. विहारातल्या मंडळाची टीम. भिंतीवर बाबासाहेब, खाली बॉलची जाळी. बहुतेक पोरं आपलीच. एक पोरगा फासेपारध्यांच्या बेड्यावरचा. पंधरा-सोळाचा. सायकलवर येतो. पाय असे की बॉल पडायच्या आधी तो तिथं असतो. पण बोलत नाही, पास कुणाला द्यायचा कळत नाही, शिट्टी वाजली की दचकतो. शिट्टीला बेड्यावरचा पोरगा का दचकतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

मागच्या हंगामात चार सामने झाले. पाचव्याच्या आदल्या दिवशी तो माझ्याजवळ आला. चपलेनं मुरूम उकरत उभा राहिला.

‘‘सर, मले कवा घेता?’’

मी म्हणालो, ‘‘घेऊ ना. तुझी अजून तयारी नाही. अनुभव नाही तुला.’’

तो मान हलवून गेला. भांडला नाही. मीही तेव्हा भांडलो नव्हतो.

रात्री जेवताना घास घशाखाली उतरेना. ते वाक्य माझं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी मला दिलेलं होतं. ते मी सांभाळून ठेवलं, आणि माझ्याहून खालच्या पायरीवरचा दिसल्याबरोबर त्याच्या हातात ठेवलं. जुनी वही काढली. तिच्या मागच्या कोऱ्या पानावर चार सामन्यांतली माझ्या पोरांची मिनिटं आठवून लिहिली. त्याच्या नावापुढं शून्य. चारही वेळा. मालक कापूस तोलताना असाच बसत असेल, मन शांत ठेवून.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सुरुवातीलाच उतरवलं. १६ मिनिटं. सुरुवातीलाच, कारण थंड अंगानं शेवटी उतरणं काय असतं ते मला ठाऊक आहे. चार वेळा बॉल घालवला. दर वेळी तो आधी बाकड्याकडं बघायचा, माझ्याकडं, की आता बोलावतील. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो. पाचव्यांदा बॉल गेला तेव्हा त्यानं बाकड्याकडं बघितलं नाही. वळला आणि बॉलच्या मागं धावला.

सामना आम्ही ५ गुणांनी हरलो. बाहेर आल्यावर एका पोराचा बाप माझ्यावर चिडला. आपलाच माणूस. चौदा एप्रिलला माझ्या खांद्याला खांदा लावून चालणारा. म्हणाला, ‘‘त्या बेड्यावरच्या पोट्ट्यापायी मॅच घालवली तुमी.’’ मी उत्तर दिलं नाही. उत्तर होतं, पण त्याआधी ते मला स्वतःला द्यायचं होतं.

तरुण मित्रांनो, तुमच्याकडं मागणं एकच आहे. वही ठेवा. मैदानाचीच नाही. आपल्या बैठकीत कोण किती मिनिटं बोललं, माईक कुणाच्या हातात गेला, सतरंज्या कुणी घातल्या, बाया किती वेळ मागं बसल्या, मांग, पारधी, कैकाडी पोरगा आला तर त्याला काम कोणतं दिलं, ते लिहा. भाषणात आपण सगळे समान असतो. वहीत खरं दिसतं. आणि कुणी म्हणालं की अमुकची अजून तयारी नाही, तर त्याला विचारा, त्याला आजवर किती मिनिटं दिली?

ती वही आता मी ठेवत नाही. त्या पोराला दिली आहे. दर सामन्यात मिनिटं तोच लिहितो, सगळ्यांची. बाकड्यावर बसून मी काय करतो तेही लिही म्हटलंय.

जय भीम.