बोर्डवॉकवरचा बाक

भारतातून पाहुणे आले की न्यू जर्सीतल्या मराठी घरांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या शनिवारी स्वातंत्र्यदेवी, दुसऱ्या शनिवारी ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर, मोठ्या वीकएंडला डबे भरून नायगारा आणि परतीच्या आधी एकदा अ‍ॅटलांटिक सिटी. गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याहून मावशी आणि काका आले, तेव्हा यातला शेवटचा कार्यक्रम आम्ही तीनदा पुढे ढकलला. अखेर मावशी म्हणाली, "आमच्या भिशीतल्या सगळ्या जणी बघून आल्या. मी काय तशीच परत जाऊ?"

मग एका रविवारी निघालो. एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवे दक्षिणेला धरला की तासाभराने दोन्ही बाजूंना पाइनची बुटकी झाडं लागतात, ती संपतच नाहीत. मग एकदम खाजण येतं आणि त्याच्या पलीकडे, जणू पाण्यातूनच वर आलेल्या, उंच इमारती दिसू लागतात. काका म्हणाले, "अरे, हे तर नरिमन पॉइंट!"

बोर्डवॉक म्हणजे समुद्राच्या कडेने गेलेला मैलोन्‌मैल लाकडी फळ्यांचा रस्ता. पर्यटकांच्या पायांची वाळू हॉटेलांत आणि आगगाडीच्या डब्यांत येऊ नये, म्हणून १८७० साली तो पहिल्यांदा बांधला. आपण लहानपणी 'व्यापार' खेळायचो, त्याचं मूळ असलेल्या 'मोनोपॉली'त याच गावातल्या रस्त्यांची नावं आहेत. पार्क प्लेसच्या पाटीखाली मावशीचा फोटो काढला. उत्तर टोकाला १८५७ सालचं, १७१ फुटी अ‍ॅब्सिकन दीपगृह आहे. त्याच्या २२८ पायऱ्या काका न थांबता चढले, आम्ही दोनदा थांबलो.

विमानप्रवास स्वस्त झाला तशी मंडळी सुटीला फ्लोरिडाला जाऊ लागली आणि हे गाव ओस पडू लागलं. गावाला पुन्हा वर काढण्यासाठी १९७६ साली राज्यातल्या मतदारांनी इथे कॅसिनोला परवानगी दिली. २६ मे १९७८ रोजी पहिला कॅसिनो उघडला. २०१४ या एका वर्षात मात्र चार कॅसिनो बंद पडले. बोर्डवॉकच्या मागच्या पॅसिफिक अ‍ॅव्हेन्यूवर गेलात तर 'सोनं रोखीने घेऊ' अशा पाट्यांची दुकानं दिसतात. मावशीने विचारलं, "इथे कोण सोनं विकायला येतं?" आम्ही काही बोललो नाही.

पुढे हार्ड रॉक लागला. २०१८ मध्ये तो उघडण्याआधी त्या इमारतीत ताजमहाल होता. १९९० साली सुरू झालेला आणि २०१६ मध्ये बंद पडलेला हा कॅसिनो आपल्या लोकांना घरचा वाटायचा, कारण वर घुमट आणि मिनार, दारात दगडी हत्ती. मावशीने पर्समधून वीस डॉलरची नोट काढली. "ही हरायचीच म्हणून आणलीय. चला आत."

"तुम्ही दोघं जाऊन या. आम्ही या बाकावर बसतो."

"का? तुम्ही नाही येणार?"

"आम्हाला यायची परवानगी नाही," आम्ही म्हणालो. हे वाक्य नात्यातल्या माणसासमोर उच्चारण्याची ती पहिलीच वेळ.

आता इथेही सांगतो. आमच्या दोघांपैकी एकाला जुगाराचं व्यसन आहे. कोणाला, ते लिहीत नाही. कर्ज दोघांचं होतं आणि फेडलंही दोघांनी.

सुरुवात याच इमारतीत झाली. एम. एस. होऊन नोकरी लागली होती, २००५ साल होतं. मित्रांबरोबर ताजमहालात आलो आणि पहिल्याच संध्याकाळी साडेतीनशे डॉलर जिंकलो. हरलो असतो तर बरं झालं असतं! पुढची काही वर्षं वर्षातून दोन-चार खेपा, एवढंच चालू होतं. २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यात इंटरनेटवरच्या कॅसिनोंना मुभा मिळाली आणि शंभर मैलांवरचा कॅसिनो खिशातल्या फोनमध्ये आला. रात्री दोन वाजता, बाथरूमचं दार लावून.

आम्ही दोघंही इंजिनियर. गणित येत नव्हतं असं नाही. इथल्या रूलेटच्या चाकाला ३८ घरं असतात. आकडा लागला तर डॉलरमागे ३५ मिळतात. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरातले सरासरी सव्वापाच मालकाचे. स्लॉट मशिनने निदान ८३ टक्के परत द्यावेत, असा या राज्याचा नियम आहे. समजा मशिन ९० टक्के देतं. आलेले पैसे तेवढ्यात उठून न जाता पुन्हा पुन्हा लावले, तर दहा फेऱ्यांनंतर शंभराचे सरासरी पस्तीस उरतात. हे सगळं पाठ असूनही हात थांबत नव्हता. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये आपल्या अधिकृत यादीत जुगाराला दारू आणि अंमली पदार्थांच्या पंक्तीला बसवलं, त्यामागचं कारण हेच. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तातल्या जुगाऱ्यालाही सगळं कळतच होतं की.

पहिल्यांदा उघडकीला आलं २०१४ साली. तेव्हा आपल्या लोकांत जे होतं तेच झालं. चार जवळच्या मित्रांनी वर्गणी काढून बारा हजार डॉलर दिले. "झालं गेलं विसरा, पुन्हा नको. आणि बाहेर बोलू नका," असं म्हणाले. त्यांची माया खरी होती. पण कार्डं कोरी झाली, तोंडं बंद राहिली आणि दोन महिन्यांत सगळं पुन्हा सुरू झालं. कर्ज हा रोग नव्हता. तो रोगाचा ताप होता आणि आम्ही तापावर पाणी मारत होतो.

२०१७ साली पाच क्रेडिट कार्डांवर मिळून ४१ हजार डॉलर झाले. मित्रांचे बारा वेगळे. लग्नातल्या दोन पाटल्या मागच्या त्या रस्त्यावरच गेल्या. त्याच सुमारास एका रात्री आम्ही हेल्पलाइनला फोन केला. नंबर काही महिने माहीत होता. तो इथल्या कॅसिनोंच्या जाहिरातींतच छापलेला असतो.

तिथून चर्चच्या तळघरातल्या गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीला गेलो. १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेली ही संस्था पैसे घेत नाही, आडनाव विचारत नाही. घरच्यांसाठी गॅम-अ‍ॅनॉन नावाची वेगळी बैठक असते. दुसऱ्याने तिकडे जायला सहा आठवडे लावले, "मी कुठे खेळतो का?" म्हणून. संस्थेतल्या जुन्या मंडळींनी दोघांना समोर बसवून प्रत्येक देणं कागदावर लिहायला लावलं. सहा तास लागले. सहाव्या तासाला असं एक कार्ड निघालं, जे तोपर्यंत कबूल केलेलं नव्हतं.

मग तीन गोष्टी केल्या. राज्याकडे अर्ज भरून कॅसिनोत आणि इंटरनेटवर स्वतःला बंदी घालून घेतली. ही बंदी एक किंवा पाच वर्षांची घेता येते आणि त्या काळात जिंकलात तरी पैसे मिळत नाहीत. आम्ही पाच घेतली, मुदत संपल्यावर पुन्हा पाच. दुसरं, पगार दुसऱ्याच्या एकट्याच्या खात्यात जाऊ लागला आणि खेळणाऱ्याच्या खिशात आठवड्याचे चाळीस डॉलर. बायको-नवऱ्यात हे लाजिरवाणं वाटतं, पहिलं वर्षभर तर फारच. तिसरं, ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या एका पतसल्ला संस्थेकडे गेलो. चोवीस टक्क्यांनी ४१ हजारांवर महिन्याला ८२० डॉलर नुसतं व्याज जात होतं, मुद्दल तसंच. संस्थेने कार्डं बंद करायला लावली आणि कंपन्यांशी बोलून व्याज आठ टक्क्यांवर आणलं. महिन्याला साधारण ८३१ डॉलर भरून पाच वर्षांत सगळं फिटलं. फरक दरमहा फक्त अकरा डॉलरचा! हे तीन वर्षं आधी कोणाला विचारलं असतं तर? पण विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं. मित्रांचे पैसे २०२३ मध्ये दिले. एका मित्राने घेतले नाहीत, आम्ही ते त्याच्या टेबलावर ठेवून आलो.

हे सगळं त्या बाकावर सांगून झालं तेव्हा मावशीची नोट तिच्या मुठीत चुरगळली होती. काका समुद्राकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "आमचे वडील लालबागला गिरणीत होते. आकडा लावायचे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव मुंबईला यायचा, त्यावर. एकसष्टच्या सुमारास तो यायचा बंद झाला, मग माठातून चिठ्ठ्या काढायला लागले, म्हणून मटका. पगाराच्या दिवशी आई मला गिरणीच्या दारात उभी करायची. मी वडिलांचा हात धरून घरी आणायचा. आठ-नऊ वर्षांचा असेन. काही वेळा दुसऱ्या दाराने निघून जायचे."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. "पन्नास वर्षांत मला बोलला नाहीत."

"घरात कोणी बोलतच नव्हतं," काका म्हणाले.

आत कोणीच गेलं नाही. नोट मावशीने सरळ केली आणि तिची सॉल्ट वॉटर टॅफी घेतली, भिशीतल्या मैत्रिणींसाठी.

हे लिहावं की नाही यावर आमच्यात महिनाभर वाद चालला होता. लिहिलं, कारण २०१८ पासून इथे खेळांवरही फोनवरून पैसे लावता येतात आणि आपली कॉलेजातली मुलं ते लावतात, हे आम्ही मंडळाच्या पिकनिकला कानांनी ऐकलं. तुमच्या घरात किंवा मित्राच्या घरात असं काही असेल तर कृपा करून गुपचूप वर्गणी काढू नका. तो वेळ सोबत जाण्यासाठी द्या, बैठकीच्या दारापर्यंत. न्यू जर्सीतली हेल्पलाइन १-८००-४२६-२५३७, दिवसरात्र चालू असते.

आणि अ‍ॅटलांटिक सिटी जरूर दाखवा पाहुण्यांना. दीपगृह छान आहे, समुद्र फुकट आहे. बोर्डवॉकवर बाकही भरपूर आहेत.