धान्याचा जनक

आमच्याकडे जेवावयास आलेले पाहुणे एचएमटी तांदळाच्या बारीक दाण्याची वाखाणणी करितात. त्याचा जनक कोण, हे सहसा कोणी विचारीत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्याचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ साली ‘पटेल ३’ धानाच्या शेतात त्यांस काही निराळ्या, पिवळसर लोंब्या आढळल्या. त्यांचे बी वेगळे राखून, पुनःपुन्हा पेरून त्यांनी हे वाण सिद्ध केले. नाव मात्र पडले त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचे! व्यापार वाढला, दादाजींच्या वाट्यास मानसन्मान आले, दारिद्र्य सुटले नाही. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले. अवलोकन, निवड आणि धीर यांसच शास्त्र म्हणावयाचे असेल, तर वर्गात शास्त्रज्ञांची नावे सांगताना हेही नाव उच्चारणे मी माझे कर्तव्य समजतो.