समोरच्या टायरवर बसतो कोण?

आमच्या टिपरचे टायर बदलायचे की आणखी एक वर्ष ढकलायचे, हा प्रश्न २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्यासमोर आला. हा निव्वळ पैशाचा प्रश्न आहे, अशी आमची समजूत होती. पैशाचा तो होताच. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला होता आणि तो आम्हाला आमच्याच गाडीच्या ड्रायव्हरने विचारला. त्याचे उत्तर देताना आमची मान खाली गेली. म्हणून हे लिहितो आहोत.

आम्ही एकाच वस्तीतले चौघे मित्र. दोघांचे वडील खदानीवर दगड फोडायचे. आमच्यातला एक जण दहावीनंतर तीन वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर होता. २०२१ मध्ये चौघांनी मिळून, थोडी बचत आणि बरेचसे कर्ज घालून, एक जुना सहाचाकी टिपर घेतला. काम खदानीचे. खाली खड्ड्यातून दगड भरायचा, चढ चढून क्रशरवर टाकायचा, मधूनमधून मुरमाच्या खेपा करायच्या. डांबरी रस्ता या गाडीच्या वाट्याला फारसा येत नाही. धारदार काळा दगड, उतार, उन्हाळ्यात तापलेली जमीन आणि पावसाळ्यात चाक गिळणारा चिखल, हाच तिचा रस्ता.

टायरांच्या बाजूंवर बारीक भेगा दिसू लागल्या तेव्हा आम्ही बैठक घेतली. चौघांपैकी तिघांचे मत ठाम होते : बदलायची गरज नाही. आमचा युक्तिवाद कच्चा नव्हता. मोठ्या वाहनाच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल नसावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. आमच्या समोरच्या टायरांची नक्षी सहज आठ मिलिमीटर भरली. पासिंगला अडचण आली नव्हती. दुकानदाराने ट्यूब आणि फ्लॅपसह एका टायरचा भाव बावीस हजार सांगितला. सहा टायर आणि एक स्टेपनी म्हणजे दीड लाखाच्या वर. बँकेचा हप्ता डोक्यावर. मग चांगली नक्षी असलेले टायर फेकून देणारा शहाणा कसा? ‘चालतंय तोवर चालू द्या,’ असे म्हणून आम्ही उठलो.

हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खदानीचा मालक तुटक्या शिडीबद्दल हेच म्हणायचा. त्या दिवशी ते आमच्या तोंडून निघाले आणि आम्हाला त्याचे काही वाटलेही नाही.

आठवड्याने समोरच्या डाव्या चाकाची हवा कमी झाली. फाट्यावर पंक्चर काढणारे चाचा आहेत. त्यांनी चाक उतरवले, टायर रिमवरून काढला, आत हात फिरवला आणि म्हणाले, “भाऊ, मी यात हवा भरणार नाही.” आम्ही चिडलो. धंदा करायचा नाही का, असेही कोणीतरी बोलून गेले. त्यांनी शांतपणे टायर उन्हात धरला आणि बाजूच्या भिंतीवरचा एक लहानसा लंबगोल दाखवला. त्यात चार आकडे होते : २३१३.

टायरचा जन्मदाखला असा त्याच्या अंगावरच कोरलेला असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर २०१३ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. आम्ही ज्याला चांगला म्हणत होतो तो अकरा वर्षांचा होता. तीन वर्षे आम्ही त्या गाडीवर जगलो, पण हे चार आकडे आमच्यापैकी एकानेही वाचले नव्हते.

मग नक्षी एवढी शाबूत कशी? कारण आधीच्या मालकाने गाडी काही वर्षे उघड्यावर नुसती उभी ठेवली होती. रबर फक्त घासून संपत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी ते कडक होते, त्याची लवचीकता जाते. ओझोनपासून बचाव व्हावा म्हणून रबरात मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. टायर फिरत राहिला, दबत-सुटत राहिला की ते पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरला हे संरक्षण नीट मिळत नाही. म्हणजे जी नक्षी आम्ही जमेची बाजू समजत होतो, ती टायर वर्षानुवर्षे उन्हात बसून राहिल्याची खूण होती. भेगांतून ओल आत शिरली की पोलादी तारांना गंज लागतो, रबराचे थर एकमेकांना सोडू लागतात. वरून काही दिसत नाही. भरलेल्या गाडीखाली, उतारावर, टायर तापला की दिसते.

मागच्या जोडीतला एक टायर फुटला तर शेजारचा निदान काही क्षण भार तोलतो. समोर प्रत्येक बाजूला एकच टायर असतो. तो फुटला की स्टिअरिंग हातातून जाते.

ही भीती कल्पनेतली नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुणांची बस समोरचा टायर फुटून झाडावर आदळली. ड्रायव्हरसह तिघे मेले. त्या टायरची नक्षी कायद्यात बसत होती. टायर मात्र १९ वर्षांचा, खुद्द बसपेक्षाही जुना होता. मेलेल्या प्रवाशांत १८ वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या आईने घरी बसून नशिबाला दोष दिला नाही. वर्षानुवर्षे तिने लढा दिला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे मालट्रक आणि बसच्या समोरच्या आसावर दहा वर्षांपेक्षा जुना टायर लावण्यास बंदी आली. नक्षी मोजणाऱ्या कायद्याला वय मोजायला एका आईने शिकवले.

चाचांच्या दुकानासमोर उभे राहून आम्ही पुन्हा हिशेब मांडू लागलो. समोरचे टायर मागे टाकले तर? रिमोल्ड केले तर? सगळ्यांनी आपापले मत दिले. तेव्हा इतका वेळ गप्प उभे असलेले आमचे ड्रायव्हर मामा बोलले, “मतं तुम्ही चौघं देताय. समोरच्या टायरवर बसतो कोण?”

कोणीच बोलले नाही. आम्ही दुकानदाराला विचारले होते, बँकेतल्या ओळखीच्या माणसाला विचारले होते. मामांना विचारलेच नव्हते. शेवटी एकाने म्हटले, “मामा, भेगा तुम्हालाही दिसत होत्या. आधी का नाही बोललात?”

“बोललो असतो तर गाडी उभी राहिली असती. मला खेपेवर पैसे. खेप नाही तर पैसा नाही.”

मित्रांनो, या एका वाक्यात सगळी व्यवस्था आहे. ज्याचा जीव टांगणीला आहे त्याची मजुरी आम्ही त्याच्या गप्प बसण्याला बांधून ठेवली होती आणि त्या गप्प बसण्याला आम्ही त्याची संमती समजत होतो. हा नियम आम्ही मुद्दाम केला नव्हता. सगळे करतात म्हणून केला. अन्याय बहुतेक वेळा असाच चालत येतो, रूढी बनून. रूढी तपासून घ्या, असे दुसऱ्यांना सांगणारे आम्ही आमच्या गाडीवरची रूढी तपासायला विसरलो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. दिल्लीत बसून अहवाल मागवणे त्यांना सोपे होते. आम्ही तर खदानीच्या कुशीत वाढलो, आणि आमच्याच गाडीखाली वाकून चार आकडे वाचले नव्हते.

त्याच दिवशी सातही टायरांचे आकडे वहीत उतरवले. समोरचे दोन्ही २०१३ चे. मागचे चारही २०१८ चे. त्यांतल्या एकाला तारेपर्यंत काप, बाकी तीन आतून-बाहेरून निरोगी. स्टेपनी सगळ्यांत म्हातारी, २०११ ची. अडचणीच्या वेळी जिच्यावर भरवसा ठेवायचा, तिच्याकडेच कोणी पाहिले नव्हते.

मग मामा, चाचा आणि आम्ही चौघे अशा सहा जणांनी निर्णय घेतला. समोर दोन नवे टायर, स्टेपनी नवी. मागच्या तीन निरोगी टायरांना हात लावायचा नाही. वय झाले म्हणून सरसकट फेकणे हाही अविचारच. चौथ्याच्या जागी मात्र कोरा टायर नको, कारण जोडीत उंच टायरवर जास्त भार येतो. तिथे मापाने जुळणारा रिमोल्ड. समोर रिमोल्ड कधीच नाही. खर्च दीड लाखावरून त्र्याहत्तर हजारांवर आला. चौघांनी तीन महिने आपला वाटा घेतला नाही.

काढलेल्या जुन्या टायरांना एका गाडीवाल्याने प्रत्येकी दोन हजार देऊ केले. मोह झाला. पण आमच्या मामांना नको असलेला टायर दुसऱ्या कोणाच्या मामांखाली का जावा? चाचांकडून चारही टायरांच्या बाजू कापून घेतल्या आणि भंगारात दिले.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मामा वही घेऊन गाडीभोवती फिरतात : हवा, काप, भेग. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची. ठरल्यापेक्षा जास्त दगड भरायचा नाही, कारण ओव्हरलोडपुढे नवा टायरही टिकत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम : मामा ‘आज गाडी खाली उतरणार नाही’ म्हणाले तर ती उतरणार नाही आणि त्या दिवसाची मजुरी त्यांना मिळणार. या शेवटच्या भागाशिवाय पहिल्या भागाला काही अर्थ नाही. उपाशी राहण्याच्या अटीवर दिलेला नकाराचा हक्क हा हक्क नसतो.

या वर्षभरात मामांनी दोनदा नकार दिला. एकदा खदानीचा उतार पावसाने खचला होता म्हणून, एकदा ब्रेकची हवा धरत नव्हती म्हणून. दोन्ही दिवसांचे नुकसान आमच्या वहीत रुपयांत लिहिलेले आहे. त्या दिवशी गाडी उतरली असती तर काय झाले असते, ते लिहायला त्या वहीत रकाना नाही.

आपल्यातले अनेक तरुण आज टेम्पो, ट्रॅक्टर, टिपर, शाळेची गाडी घेत आहेत. जरूर घ्या, मालक व्हा. पण उद्या सकाळी आधी गाडीखाली वाका, ते चार आकडे वाचा, स्टेपनीचेही वाचा. आणि मग गाडी चालवणाऱ्याला विचारा की तो नाही म्हणाला तर त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटेल का.