उसनी नदी

सकाळी आम्ही कोलाडजवळ कुंडलिकेच्या काठी उतरलो, तेव्हा नदी अजून यायची होती. पात्रात ओले गोटे आणि त्यांच्यामधून जाणारी बारीकशी धार. एवढ्यासाठी शिरस्त्राण आणि फुगीर जाकीट चढवून बसणे अंमळ हास्यास्पदच वाटत होते. मग वर वीजघराने पाणी सोडले आणि बघता बघता गोटे दिसेनासे झाले.

अशा खळाळांची प्रतवारी एक ते सहा अशी लावतात. एक म्हणजे नुसती खळखळ, सहा म्हणजे जिवाशी गाठ. कुंडलिका दोन-तीनमध्ये बसते. पण हे आकडे परीक्षेतल्या गुणांसारखेच. पाणी वाढले की तोच दगड निराळा प्रश्न विचारतो.

आमचा नावाडी जवळच्याच गावचा, विशीतला पोरगा. "सर, आधी पाणी वाचायला शिका," म्हणाला. जन्मभर मुलांना वाचायला शिकवणाऱ्या माणसाला! पाण्यावर पाचरीसारखी आकृती उमटते. तिचे टोक खालच्या अंगाला असेल तर ती दोन दगडांमधली वाट; टोक आपल्याकडे असेल तर तिथे दगड दबा धरून बसलेला. दगडावरून कोसळलेले पाणी खाली उलटे फिरते आणि होडीला धरून ठेवते. आणि पडलात तर उभे राहायचे नाही. पाय कपारीत अडकतो, मग प्रवाह माणसाला पाण्याखाली वाकवतो. उताणे व्हायचे, पाय पुढे.

तिसऱ्या खळाळात मी पडलो.

नाकातोंडात पाणी गेले. उताणा झालो, तर समोर सह्याद्रीचा कडा. हे पाणी त्या कड्यापलीकडचे, मुळेचे. मुळा पूर्ववाहिनी; तिने बंगालच्या उपसागराला जायचे. मुळशीच्या धरणाने तिला अडवून कड्याखाली भिऱ्याला उतरवले. १९२७ पासून तिथे वीज होते. याच धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. माझ्या पणजीचे माहेर त्याच पाण्याखाली आहे. विजेचे बटण ती शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने दाबीत नसे, असे आजी सांगे.

पोरग्याने जाकिटाला धरून मला होडीत ओढले. "उभे राहिला नाहीत, बरं केलंत."

खाली काठाला लागल्यावर मी त्याला पणजीची हकीकत सांगितली. तो होडीतले पाणी उपसत होता. "वीज जाते मुंबईला," तो म्हणाला, "आमच्याकडे येतं ते हे पाणी. एक दिवस नाही सुटलं, तर त्या दिवशीची मजुरी बुडाली."

दुपारी परतताना पुलावरून पाहिले. गोटे पुन्हा उघडे पडू लागले होते.