खलेब्नी गल्लीतला पाहुणा

मॉस्कोच्या अरबात भागातल्या गल्ल्यांची नावे मोठी मजेशीर आहेत. पोवर्स्काया म्हणजे आचाऱ्यांची, स्कातेर्नी म्हणजे मेजावरच्या कापडाची आणि खलेब्नी म्हणजे पावाची. झारच्या मुदपाकखान्यात राबणारी माणसे एके काळी इथे राहत, म्हणून ही नावे. क्रेमलिनहून इथे पायी सहज पोहोचता येते. ऑगस्ट 1918 च्या अखेरीस एका रात्री साडेतीनच्या सुमारास खलेब्नी गल्लीतल्या 19 नंबरच्या इमारतीत हत्यारबंद माणसे शिरली. अंथरुणातून उठवून त्यांनी ज्याला नेले, तो होता ब्रिटनचा प्रतिनिधी रॉबर्ट ब्रूस लॉकहार्ट.

वय अवघे 30. हा स्कॉटिश तरुण 1912 पासून काही वर्षे मॉस्कोच्या ब्रिटिश वाणिज्य कचेरीत होता आणि रशियन उत्तम बोलत असे. बोल्शेव्हिक सरकारला ब्रिटनने मान्यता दिली नव्हती, पण बोलणी तर चालू ठेवायची होती. म्हणून जानेवारी 1918 मध्ये त्याला अनधिकृत दूत म्हणून परत धाडण्यात आले. निघण्यापूर्वी लंडनच्या एका उपाहारगृहात त्याची गाठ लिटविनोव्हशी पडली. हा बोल्शेव्हिकांचा लंडनमधला तसाच बिनमान्यतेचा दूत. जेवता जेवता त्याने ट्रॉट्स्कीच्या नावे शिफारसपत्र लिहून दिले. लॉकहार्टने सांगितलेला किस्सा असा, की शेवटी लिटविनोव्हने ‘डिप्लोमॅट पुडिंग’ मागवले आणि ते शिल्लक नाही असे कळताच, इथेही आपल्याला मान्यता नाहीच, असा शेरा मारला!

मॉस्कोत आल्यावर, बोल्शेव्हिकांशी जुळवून घ्यावे, असेच लॉकहार्ट लंडनला कळवत होता. पण मार्चमध्ये रशियाने जर्मनीशी तह केला, ऑगस्टमध्ये ब्रिटिश फौज उत्तरेला अर्खांगेल्स्कला उतरली, आणि मधल्या काळात पाहुण्याचे मत फिरले. क्रेमलिनच्या पहाऱ्यावर लाटव्हियन पलटणी होत्या. त्यांतला बेर्झिन नावाचा अधिकारी एका साथीदारासह खलेब्नी गल्लीत आला. आमचे सैनिक फुटायला तयार आहेत, म्हणाला. लॉकहार्टने ब्रिटिश सेनापतीपर्यंत पोहोचण्यासाठी सहीची पत्रे दिली आणि सिडनी रायली या गुप्तहेराशी त्याची गाठ घालून दिली. रायलीने हप्त्याहप्त्याने 12 लाख रूबल मोजले. ती रक्कम बेर्झिनने नेऊन दिली ‘चेका’ला, म्हणजे क्रांतीच्या गुप्त पोलिसांना. तो त्यांनीच पेरलेला माणूस होता!

30 ऑगस्टला पेत्रोग्राडच्या चेकाचा प्रमुख उरित्स्की मारला गेला आणि त्याच संध्याकाळी मॉस्कोत लेनिनवर गोळ्या झाडल्या गेल्या. मग धरपकड सुरू झाली. पेत्रोग्राडच्या ब्रिटिश वकिलातीत चेकाची माणसे घुसली, तेव्हाच्या गोळीबारात नौदलाचा कॅप्टन क्रोमी ठार झाला.

लॉकहार्टला नेले ल्युब्यान्का रस्त्यावर. पर्यटक चौकातल्या भव्य पिवळसर इमारतीचे फोटो काढून परततात. पण त्या वर्षी चेकाचे बिऱ्हाड पुढे 11 नंबरच्या इमारतीत होते. चौकशीला याकोव्ह पेटर्स होता. त्याने समोर धरले ते लॉकहार्टच्याच सहीचे पत्र. त्यातून लॉकहार्टच्या खिशात पैशांच्या सांकेतिक नोंदींची टिपणवही राहून गेलेली. त्याने शौचालयाला जाण्याची परवानगी मागितली आणि पहारेकऱ्यांच्या देखत ती पाने तिथेच कामाला आणली. पहाटे काळ्या कपड्यांतली एक बाई खोलीत आणली गेली. दोघे ओळख देतात का, ते पाहायचे होते. ती खिडकीशी गेली आणि हनुवटी हातावर टेकवून बाहेर पाहत राहिली. ती फॅनी कापलान, लेनिनवरील हल्ल्यातली आरोपी. 3 सप्टेंबरला क्रेमलिनच्या आवारात तिला गोळी घालण्यात आली.

लॉकहार्टला तोवर सोडले होते. त्याची मैत्रीण मूरा मात्र कोठडीत होती. तिच्यासाठी रदबदली करायला तो 4 सप्टेंबरला आपल्या पायांनी पेटर्सकडे गेला आणि पुन्हा अडकला. त्याच्या साऱ्या हेरगिरीपेक्षा मला हे धाडस मोठे वाटते.

यानंतरची कैद मुख्यतः क्रेमलिनमध्येच. मूरा सुटली आणि पुस्तके, खाणे आणू लागली. पेटर्सने लंडनमध्ये काही वर्षे काढली होती, त्याची बायको इंग्रज होती. तिला माझे पत्र पोहोचवशील का, असे त्याने कैद्यालाच विचारले! तिकडे ब्रिटनने लिटविनोव्हला पकडून ठेवले होते. ऑक्टोबरमध्ये पुडिंगच्या मेजावरचे ते दोघे एकमेकांच्या बदल्यात सुटले. मूरा मॉस्कोतच राहिली.

वर्षअखेरीच्या खटल्यात लॉकहार्ट आणि रायली यांना गैरहजेरीत मृत्युदंड झाला. हजर असलेल्या अलेक्झांडर फ्रीडे या रशियन अधिकाऱ्याला मात्र खरोखरच गोळी घातली गेली. 1932 मध्ये लॉकहार्टच्या आठवणींचे पुस्तक गाजले, 1934 मध्ये त्यावर हॉलिवूडने चित्रपट काढला. पुस्तकात कटाचे खापर त्याने रायलीवर फोडले आहे, पण त्याचा स्वतःचा हात बराच खोल होता, असे अनेक अभ्यासक मानतात. रायली 1925 मध्ये पुन्हा रशियात सापडला आणि मारला गेला. बेर्झिन आणि पेटर्स यांना 1938 मध्ये त्यांच्याच सरकारने गोळी घातली. लॉकहार्ट 1970 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी इंग्लंडमध्ये वारला.

ल्युब्यान्का चौकात चेकाचा संस्थापक झेर्झिन्स्कीचा पुतळा होता, तो ऑगस्ट 1991 मध्ये लोकांनी हलवायला लावला. त्याआधीच, 1990 मध्ये, तिथे एक दगड बसवण्यात आला होता. सोलोव्हेत्स्की बेटांवरच्या जुन्या छळछावणीतून आणलेला तो ओबडधोबड दगड आहे.